मागे उघडलेली खिडकी

मुंगे,

हे वाचताना तू कपाळाला आठ्या घालशील आणि म्हणशील, "मावशी, तुला कोणी सांगितलं होतं?" कोणी नाही. मला सांगावं लागत नाही. तू स्वतःच्या तोंडानं हे कोणापाशी बोलणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक आहे. गुडघा फुटला तरी फ्रॉक खाली ओढून गप्प बसणारी पोर तू. तेव्हा फोनवर तुझ्या तोंडून तुटक तुटक निसटलं तेवढं जोडून मीच लिहिते. फक्त सबंध गोष्ट 'तू असं केलंस, तू तसं केलंस' करत सांगितली तर वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारी भाचीला खडसावतेय. म्हणून इथून पुढे तू 'ती' आणि मी नुसती मावशी. शेवटी तुझ्याशी एक काम आहे, तिथे परत 'तू' म्हणेन.

तर मुंगी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती आणि चालायला लागल्यापासून एका जागी म्हणून टिकली नाही, तेव्हा बापानं हे नाव ठेवलं. तेच चिकटलं. पुढे ऑफिसातही तेच गेलं. कोणी सांगितलं कोण जाणे, अशी नावं आपल्या पायांनी चालत जातात.

बाप घड्याळं दुरुस्त करायचा. आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, घर सांभाळायची. सांभाळायची म्हणजे काय, पहारा द्यायची. तिचा एकच कायदा होता: उघडलं ते लाव. डबा, कपाट, नळ, दार, पेनाचं टोपण. ती घरातून फिरली की मागोमाग टप टप झाकणं लागल्याचे आवाज यायचे. मावशी तिच्याकडे राहायला गेली की जीव मेटाकुटीला यायचा. मावशीच्या घरी सगळं सताड उघडं. "तुझ्या घरात वारा आत येतो आणि त्यालाही पसारा बघून बाहेर जावंसं वाटतं," असं बहीण म्हणायची. मुंगीनं हा आईचा गुण जसाच्या तसा उचलला. भातुकली आवरून, बाहुलीच्या घराचं दार लावून मगच जेवायला यायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मुंगी शाळेत होती तेव्हा आईला साध्या तापासाठी एक इंजेक्शन दिलं. ते औषध तिला चालत नव्हतं. दवाखान्यात कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. घरी येईपर्यंत तिचा चेहरा असा सुजला की डोळ्यांच्या नुसत्या चिरा राहिल्या. निभावलं त्यातून. पण शाळेतून आलेल्या मुंगीनं दाराशी उभं राहून खाटेवरच्या बाईला विचारलं, "माझी आई कुठंय?" आईला विचारलं ते. आई नंतर पुष्कळ वर्षं जगली आणि वेगळ्याच दुखण्यानं गेली, तरी ते दारातलं उभं राहणं मुंगीच्या मनातून काही गेलं नाही. नोकरी धरताना तीन ठिकाणांहून बोलावणं होतं. तिनं हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी निवडली. का, ते कोणाला सांगितलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

तिचं काम असं. डॉक्टर, नर्स ज्या पानांवर रुग्णाची औषधं नोंदतात ती पानं ठीक चालतात की नाही हे तपासायचं. हातानं नव्हे, हातानं तपासायला शंभर माणसं लागतील. ती यंत्राला लिहून द्यायची: ब्राउझर उघड, हा रुग्ण निवड, हे औषध भर, हे बटण दाब, आता काय दिसलं ते मला सांग. बरोबर दिसलं तर हिरवा ठिपका, चुकीचं दिसलं तर लाल. अशा शेकडो तपासण्या यंत्र एका दमात करायचं. तीही स्क्रीनवर काही न दाखवता, पोटातल्या पोटात. ऑफिसात सगळे त्यांना टेस्ट म्हणत. रुग्ण अर्थातच खोटे. मुंगीनं त्यांना वय दिलं होतं, दुखणी दिली होती, सवयी दिल्या होत्या. त्यांतली एक खोटी म्हातारी तिच्या विशेष मर्जीतली होती. तिला पेनिसिलिन चालायचं नाही. तिला रोज पेनिसिलिन दिलं जायचं आणि रोज इशारा येऊन तिचा जीव वाचायचा.

या कामात सगळ्यांत नकोसा प्रकार म्हणजे पॉपअप. पान शांतपणे चाललेलं असतं आणि मध्येच एक चौकट किंवा आख्खी नवी खिडकी टपकते. माणूस असेल तर आपसूक तिकडे बघेल. यंत्र बघत नाही. त्याला सांगावं लागतं की बाबा, नवी खिडकी आलीय, आता तिच्यात जा, वाच, उत्तर दे, ती बंद कर आणि आठवणीनं पहिल्या पानावर परत ये. यांतलं एक विसरलं की ते बंद खिडकीत चाचपडत बसतं आणि सगळ्या टेस्ट धडाधड कोसळतात. मुंगीचा यात हातखंडा होता. आजूबाजूची पोरं हाक मारायची, "मुंगे, माझी टेस्ट खिडकीत अडकलीय गं, पाय ओढून काढ." ती खुर्ची सरकवत जायची आणि काढून द्यायची.

तिची शिस्तही आईची. प्रत्येक टेस्ट संपली की जेवढ्या खिडक्या उघडल्या असतील तेवढ्या बंद. पुढच्या टेस्टला टेबल पुसून मिळालं पाहिजे. बाकीचे आळस करायचे, मग एका टेस्टचा कचरा दुसरीच्या पायात यायचा. मुंगीच्या टेस्टवर कधी कोणी बोट ठेवलं नाही.

आता जे झालं ते त्या शिस्तीमुळे झालं, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

पूर्वी रुग्णाला न चालणारं औषध नोंदलं की पानाच्या मधोमध एक चौकट यायची. तिला उत्तर दिल्याशिवाय काही म्हणजे काही पुढे सरकायचं नाही. नर्सा वैतागायच्या. हॉस्पिटलनं कळवलं, ही चौकट कामात आडवी येते. शिवाय डॉक्टरांना तिथेच रुग्णाचा सगळा पूर्वेतिहास हवा आहे. मग नवं व्हर्शन निघालं. औषध नोंदलं जाईल, आणि इशारा वेगळ्या, मोठ्या खिडकीत उघडेल. सगळी माहिती आणि 'रद्द करा'चं बटण तिच्यात. ही खिडकी बनवली ती ऑफिसातल्या उस्तादानं. उस्ताद म्हणजे प्रोग्रामर. दाढी वाढलेली, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे विसरू न शकणारा. मुंगीनं नव्या खिडकीच्या सगळ्या टेस्ट लिहिल्या. यंत्र खिडकीत जायचं, इशारा अक्षर न् अक्षर वाचायचं, रद्द करायचं, खिडकी लावून परत यायचं. सगळं हिरवं. खोटी म्हातारी रोज वाचत होती. व्हर्शन हॉस्पिटलात बसलं.

आठवडाही लोटला नसेल, एका सकाळी मावशीचा फोन आला.

"मुंगे, तुमचं ते हॉस्पिटलचं पान बिघडलंय."

"काय झालं? मी कामात आहे, मावशी."

"मी काय झोपा काढतेय? माझ्या तपासणीचा निकाल आलाय म्हणून मेसेज आला. 'निकाल पाहा' दाबते, काही होत नाही. परत दाबते, काही होत नाही. बटण झिजायला आलं."

"बटण झिजत नसतं. आधी कधी दाबलं होतंस?"

"मघाशी. तेव्हा मागच्या खेपेचा निकाल दाबला गेला चुकून. तो उघडला, वेगळ्या खिडकीत, चांगला ऐटीत. मी बघितला आणि आपल्या पानावर परत आले."

"ती खिडकी बंद केलीस?"

"मी कशाला बंद करू? तिच्या मागे माझं पान दिसत होतं, त्याच्यावर टिचकी मारली. आलं पुढे."

पलीकडे कळफलकाची टकटक थांबली.

"मुंगे? फोन गेला का?"

"नाही." मुंगीचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मावशी, तुझा निकाल उघडलाय. त्याच जुन्या खिडकीत. ती तुझ्या पानाच्या मागे आहे, म्हणून तुला दिसत नाही."

"मग पुढे कशी घेऊ ते सांग."

"थांब. हात लावू नकोस. काही बंद करू नकोस, काही दाबू नकोस. नुसतं लॅपटॉपचं झाकण लावून ठेव. मला ते जसंच्या तसं बघायचंय. संध्याकाळी येते मी, आपण बरोबर बघू."

"बरं. येताना माझा चष्मा घेऊन ये दुकानातून. पावती तुझ्याच पर्समध्ये आहे. जुन्या चष्म्यानं मला बारीक अक्षर लागत नाही."

"आणते."

फोन ठेवला आणि मुंगीनं हिशेब जुळवला. रुग्णांचं पान आणि नर्सांचं पान एकाच कंपनीचं, आणि खिडकी उघडायची तऱ्हाही एकच.

तिनं टेस्ट बाजूला ठेवल्या आणि पुष्कळ दिवसांनी पान स्वतः हातानं उघडलं. खोटी म्हातारी निवडली, पेनिसिलिन नोंदलं. इशाऱ्याची खिडकी टपकन पुढे आली. आता एरवी तिचा हात आपोआप बंद करायच्या फुलीकडे गेला असता. तिनं हात आवरला. खिडकी तशीच ठेवून मावशीसारखी मागच्या पानावर टिचकी मारली. पान पुढे आलं, खिडकी मागे गेली. मग तिनं दुसरा खोटा रुग्ण घेतला, त्याला न चालणारं औषध नोंदलं आणि वाट बघितली.

काही झालं नाही. पान शांत. खाली लहान अक्षरांत आलं, औषध नोंदलं.

तिनं पानाची कड धरून आख्खं पान खाली सरकवलं. मागे तीच खिडकी होती, आणि तिच्यात आता दुसऱ्या रुग्णाचा इशारा होता. मोठ्या लाल अक्षरांत, कोणी न बघता, आपला उभा. म्हातारीचा इशारा पुसला गेला होता.

उठून ती उस्तादाकडे गेली.

"त्या खिडकीला तू एकच नाव दिलंयस का?"

"मग? दहा इशारे आले तर दहा खिडक्या उघडू? नर्सा माझा जीव घेतील."

"म्हणजे आधीची उघडी असेल तर तिच्यातच नवा इशारा भरतो."

"भरतोच. तसंच ठेवलंय."

"आणि ती मागे असेल तर?"

"मागे का असेल? वाचून झालं की बंद करणार ना माणूस."

"तू करतोस?"

उस्तादानं आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. खिडकीवर खिडकी, तिच्यावर खिडकी, धोब्याच्या गाठोड्यासारखा ढीग. तो दाढी खाजवायला लागला. मग म्हणाला, "पण तुझ्या टेस्ट हिरव्या होत्या की!"

"मी दर वेळी बंद करत होते," मुंगी म्हणाली. "म्हणून दर वेळी ती नव्यानं पुढे यायची."

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वयानं तरुण, बोलणं मऊ, मांजर पाय टाकतं तसे शब्द टाकायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"टेस्ट हिरव्या आहेत ना?"

"आहेत."

"कोणाच्या आहेत?"

"माझ्याच."

"मग तुम्हीच सांगा, मुंगीताई, मी हॉस्पिटलला काय म्हणू? आमच्या ताईंना आज असं वाटलं? लाल टेस्ट आणा. लाल दिसली की त्याच क्षणी मी फोन उचलतो. शब्द माझा."

तिनं जाग्यावर येऊन नवी टेस्ट लिहिली. खिडकी बंद करायची नाही, मागे ठेवायची, दुसरा इशारा येऊ द्यायचा. यंत्रानं मुकाट्यानं सगळं केलं. मागच्या खिडकीत गेलं, इशारा वाचला, परत आलं. हिरवा. यंत्राला पुढे-मागे कळतच नव्हतं. त्याच्या लेखी खिडकी म्हणजे एक लांबलचक क्रमांक. तो ठाऊक असला की ते कुठल्याही खिडकीत शिरायचं, वर असो, खाली असो, दहा कागदांखाली दडलेली असो. तिनं उलटसुलट करून पाहिलं. हिरवा. आयुष्यभर तो हिरवा ठिपका बघून तिला हायसं वाटायचं. आज तो डोळा मिचकावल्यासारखा दिसत होता.

"साहेब, लाल होणार नाही ती," ती परत जाऊन म्हणाली. "माझ्या टेबलाशी चला, हातानं दाखवते. दोन टिचक्या."

"मीटिंग आटोपली की आलोच." आणि काचेचं दार लागलं.

ती काचेबाहेर उभी राहिली. आत कोणीतरी विनोद केला, सगळे हसले, आवाज आला नाही. मुंगीनं पर्स उचलली आणि न सांगता निघाली. जन्मात पहिल्यांदा तिनं आपला संगणक उघडा टाकला.

व्हर्शन बसवताना तिला हॉस्पिटलचं ओळखपत्र मिळालं होतं, ते दाखवून ती वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात गेली. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, मधून चाकांच्या ट्रॉलीवर ठेवलेला संगणक ढकलत नर्सा फिरतात. दाराजवळच्या खाटेवर एक सुतार होता. पायाला पटाशी लागून जखम चिघळलेली, हाताला सलाईनसारखी औषधाची पिशवी लावलेली, शेजारी बायको स्टुलावर पेंगत. त्याच्या पलीकडची खाट रिकामी. चादर नवी, कडक, कुठे सुरकुती नाही.

"कॉम्प्युटरवाल्या का तुम्ही?" सुतारानं ओळखपत्राकडे बघत विचारलं. "मग त्या ट्रॉलीचं चाक बघा आधी. सिस्टर एकीकडे ढकलतात, ती दुसरीकडे जाते. मला सोडा म्हणावं तासभर, तासून सरळ करतो."

"आधी पाय सरळ करा," बायको डोळे न उघडता म्हणाली.

मोठी सिस्टर ट्रॉली घेऊन आली. अंगानं आडवी, पायानं चपळ. मुंगीला बघून ती मनापासून हसली.

"अहो, तुमचं ते नवं फार छान झालंय हां. पूर्वी सारखं मध्ये मध्ये तोंड खुपसायचं. आता कसं शांत असतं."

मुंगी ट्रॉलीवरच्या स्क्रीनकडे वळली. "इशारे येत नाहीत?"

"पहिल्या दिवशी एक आला होता. मोठा, चांगला. नंतर नाही बाई आला. आमचे डॉक्टरच सुधारले असतील." सिस्टर स्वतःच्याच विनोदावर हसली.

"ती खिडकी बंद केली होती तुम्ही?"

"नाही हो. आपल्या पानावर टिचकी मारली आणि लागले कामाला. आमचे हात कधी रिकामे असतात?"

"आणि इथले?" मुंगीनं रिकाम्या खाटेकडे बोट केलं. "घरी पाठवलं का त्यांना?"

सिस्टरनं तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कोणाची तरी घंटा वाजली. "आले आले," करत ती तिकडे वळली. ट्रॉली मुंगीपाशी राहिली.

मुंगीनं पानाची कड धरली आणि पान खाली ओढलं.

मागे खिडकी होती. लाल अक्षरं होती. तिनं ती यंत्रासारखी एकेक करून वाचली, आधी औषध, मग 'तीव्र प्रतिक्रिया, पूर्वी नोंदलेली', मग रुग्णाचं नाव, मग खाट. दाराजवळची.

तिनं मान वर केली. पिशवी नुकतीच लावलेली दिसत होती, थेंब ठिबकत होते. सुतार मान खाजवत होता.

"कॉम्प्युटरवाल्या बाई," तो म्हणाला, "इथे ढेकूण आहेत का हो? मघापासून नुसती खाज सुटलीय." त्याचा आवाज जाड येत होता. डोळ्यांच्या कडा वर आल्या होत्या. चिरा अजून झाल्या नव्हत्या, पण तिकडेच चालल्या होत्या. ही वाट तिनं दारात उभं राहून एकदा पाहिलेली होती.

ती ओरडली की नाही हे तिला आठवत नाही. सिस्टरच्या बाहीला धरून तिनं ओढत आणलं, एवढं आठवतं. सिस्टरनं स्क्रीन पाहिला, सुतार पाहिला, आणि त्या आडव्या अंगाच्या बाईनं झेप घेऊन पिशवीची नळी बंद केली. मग डॉक्टर आले, पडदा ओढला गेला, बायकोला बाहेर काढलं. बायको मुंगीलाच विचारत राहिली, "काय झालं हो? आत्ता तर बोलत होते. काय झालं?" मुंगी ट्रॉलीचा दांडा धरून उभी होती.

सुतार वाचला. हे आधीच सांगून टाकते, टांगणीला लावायची मला सवय नाही. घरी जाताना ट्रॉलीचं चाकही त्यानं सरळ करून दिलं म्हणे.

पण मुंगी तिथे दांडा धरून उभी होती तेव्हा तिच्या मनात सुतार नव्हताच. त्या खिडकीत एकच इशारा होता, शेवटचा. नवा आला की आधीचा पुसला जातो. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत त्या लाल अक्षरांच्या जागी किती जणांची नावं येऊन गेली असतील? आणि ही एका वॉर्डाची ट्रॉली. खाली आणखी मजले होते, प्रत्येक मजल्यावर ट्रॉल्या होत्या, आणि सगळीकडे कसं शांत होतं.

जिन्यात उभी राहून तिनं साहेबांना फोन लावला.

"मीटिंग संपली?" ती म्हणाली. "लाल हवं होतं ना तुम्हाला? सापडलंय. खाली उतरा आणि इथे या."

त्या दुपारीच हॉस्पिटलनं जुनी, आडवी येणारी चौकट परत आणली. मग बैठका. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. उस्तादानं सर्व्हरवरची नोंद काढून दाखवली: आठवडाभरातला प्रत्येक इशारा दाखवला गेला होता. एकही चुकला नव्हता.

"बघा," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "सिस्टीमनं आपलं काम केलं. इशारे दाखवले."

"कोणाला?" मुंगीनं विचारलं.

ते इशारे कोणाकोणाचे होते, त्यांचं पुढे काय झालं, हे हॉस्पिटलनं आपलं आपण तपासलं, आणि काय आढळलं ते बाहेर सांगितलं नाही. मुंगी पुन्हा एकदा वॉर्डात गेली होती. रिकाम्या खाटेवर तोवर दुसरं कोणी आलेलं. मोठ्या सिस्टरला तिनं तोच प्रश्न विचारला, पलीकडच्या खाटेवरचे घरी गेले होते का? सिस्टर या वेळी हसली नाही. "ते आमचं आम्ही बघतो," म्हणाली आणि ट्रॉली ढकलत निघून गेली. चाक आता सरळ चालत होतं, आवाजसुद्धा येत नव्हता.

त्यानंतर मुंगीनं रजा घेतली. तिच्या नवऱ्याचा मावशीला फोन येतो. शांत माणूस, तक्रार करणारा नव्हे.

"मावशी, ही कपाटं उघडी ठेवते."

"ठेवू दे. मी जन्मभर ठेवली, मेले का?"

"तसं नाही हो. मी लावतो, ती परत उघडते. ड्रॉवर, डबे, सगळं. रात्री पाणी प्यायला उठलो की कशाला तरी ठेचकाळतो. विचारलं तर म्हणते, मागे काय आहे ते दिसलं पाहिजे."

मावशीनं फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं.

बरं, मुंगे. आता तुझ्याशी.

तुझी चूक किती आणि त्या खिडकीला एक नाव देणाऱ्याची किती, दार लावून मीटिंग करणाऱ्याची किती, हा हिशेब मी करत नाही. तूही करू नकोस, त्यातून काही निघायचं नाही. पण त्या रिकाम्या खाटेचं तू विचारलंस तसं मी विचारणार नाही, आणि ते तुझ्या मनातून जाणार आहे अशी थापही मारणार नाही. ते राहील.

माझं काम साधं आहे. त्या संध्याकाळी तू यायची होतीस. नाही आलीस, ते समजलं. त्यानंतर दर फोनला "येते" म्हणतेस आणि येत नाहीस, हेही मला समजतं. तुला वाटतं, झाकण उघडलं की मागे काय असेल. मला काय वाटतं ते सोड. हॉस्पिटलातून दोनदा फोन येऊन गेला, निकाल पाहिलात का, डॉक्टरांना भेटायला कधी येता. मी म्हटलं, बघते. त्यांच्या नोंदीत तर तो दाखवलेलाच आहे.

तू जसं सांगितलंस तसं ठेवलंय. काही बंद केलं नाही, काही दाबलं नाही. झाकण लावलेला संगणक खिडकीशेजारच्या टेबलावर आहे, वायर जोडलेली असते, त्याचा बारीक दिवा चालू-बंद होत राहतो. त्याच्यावर कापड टाकलं होतं, दिवा त्यातूनही दिसतो, म्हणून काढलं. शेजारणीकडून उघडून घेता आलं असतं. दुकानही काही लांब नाही, माझे पाय धड आहेत. गेले नाही. आपलं बरोबर बघायचं ठरलं होतं.

पावती अजून तुझ्या पर्समध्ये असेल. चष्मा दुकानातच आहे.